पँथरच्या जन्मगावी पोटापाण्याचे काय झाले?

११ एप्रिल २०२५ रोजी आपण गावोगाव महात्मा जोतीराव फुले यांची जयंती साजरी करीत होतो. त्याच दिवशी अमेरिकेच्या न्याय खात्याने अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटीबाबतचा एक करार रद्द करून टाकला. करार साधा होता. ज्या घरांना सांडपाण्याची सोय नाही, ज्यांच्या अंगणात संडासाचा मैला उघड्यावर वाहतो, त्यांना सोय मिळावी म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याने पावले उचलावीत आणि तोवर या गरिबांवर फौजदारी कारवाई करू नये, असे मे २०२३ मध्ये ठरले होते. ट्रम्प सरकारने हे वंशाच्या नावावर चाललेले लाड ठरवले आणि हात झटकले. आम्ही वाचतो त्या मराठी वृत्तपत्रांत ही बातमी आम्हांला कुठे दिसली नाही.

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने मात्र ती वाचायलाच हवी होती. कारण लाउंड्स ही आपल्याला परकी जागा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली, तिने नाव घेतले ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाकडून, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ऑकलंडच्या ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तो काळा वाघ आणला कुठून? तो आणला या लाउंड्समधून. १९६६ साली तिथल्या काळ्या शेतमजुरांनी आणि छोट्या शेतकऱ्यांनी स्वतःचा पक्ष काढला, लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह लागायचे. अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा उघड छापलेली असे. त्या कोंबड्यासमोर यांनी काळा पँथर उभा केला.

तेव्हा लाउंड्स हे पँथरचे जन्मगाव. काउंटी म्हणजे आकाराने आपला एखादा तालुका समजा. लोकवस्ती २०२० च्या जनगणनेत अवघी १०,३११, म्हणजे आपल्याकडचे एक मोठे गाव. शेरीफ, न्यायालय, शाळा मंडळ, करवसुली हे सगळे मात्र तिचे स्वतःचे. सेल्मा आणि माँटगोमेरी या दोन शहरांच्या मधोमध ८० क्रमांकाच्या महामार्गावर ती पसरली आहे. या काउंटीत लोक पोट कशावर भरत आले, कोणाच्या हाताखाली भरत आले, आणि तो धंदा बदलत गेला तसे त्यांच्या लढण्याच्या ताकदीचे काय झाले, हे आम्हांला आज मांडायचे आहे.

असा हिशेब मांडण्याचा पहिला प्रयत्न एका थोर माणसाने केला होता. डॉ. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस १९०६ साली केंद्र सरकारच्या कामगार विभागासाठी लाउंड्समध्ये सहकाऱ्यांना घेऊन उतरले. घरोघरी जाऊन त्यांनी नोंदी केल्या. जमीन कोणाची, वाटा किती, कर्ज किती, कोर्ट कोणाचे. अहवाल तयार झाला, सरकारला दिला. सरकारने तो छापला नाही, कारण त्यात राजकारण येते म्हणे. पुढे विचारणा केली तेव्हा तो नष्ट करण्यात आल्याचे कळले. सरकारने पैसे देऊन करून घेतलेला अहवाल सरकारनेच संपवला! याच द्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि त्यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले होते. दोघांनाही एक गोष्ट कळली होती. गुलामाची दशा नुसती सांगून भागत नाही, मोजून दाखवावी लागते. आणि मोजून दाखवलेली दशाच प्रस्थापितांना सर्वांत जास्त झोंबते.

त्या अहवालात काय असणार ते ओळखणे अवघड नाही. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा लाउंड्समध्ये काळे पुरुष मतदान करीत होते. मग एकेक करून सगळे काढून घेतले गेले, आणि १९०१ च्या अलाबामाच्या राज्यघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९०० साली काउंटीत ३५ हजारांवर लोक होते, बहुसंख्य काळे, आणि काम एकच: कापूस. जमीन गोऱ्या मालकाची. काळे कुटुंब बटईने कसणार. पेरणीला मालकाकडून उचल घ्यायची, धान्य, कपडा, खत मालकाच्याच दुकानातून त्याच्या भावाने घ्यायचे, आणि सुगीला हिशेब मालकाच्याच वहीत. वहीत दरवर्षी बाकी निघायची. बाकी असताना गाव सोडले तर शेरीफ पकडून आणायचा. १९०३ च्या सुमारास केंद्राचे तपास अधिकारी कर्जापोटी डांबलेल्या मजुरांचा शोध घेत अलाबामात फिरले, तेव्हा लाउंड्सचे नाव फार वाईट होते. आमच्या मराठवाड्यातल्या सालगड्याला आणि ऊसतोडीच्या कोयत्याला ही वही समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली आला. उचल आजही आहे.

१९३३ साली रूझवेल्ट सरकारने कापसाचे भाव चढावेत म्हणून पेरा कमी करायला पैसे दिले. पैसे आले जमीनमालकाच्या हाती, पेरा कमी झाला तो बटईदाराचा. योजना गरिबांसाठी, चेक मालकाला, नोटीस मजुराला. १९३५ मध्ये शेअर क्रॉपर्स युनियनने लाउंड्समध्ये कापूस वेचणीचा संप केला. मागणी होती शंभर पौंड कापसाला एक डॉलर. शेरीफ आणि मालकांच्या टोळ्यांनी संप रक्तात बुडवला.

वकील म्हणून आम्हांला इथे कायद्याकडे बोट दाखवावेसे वाटते. त्याच १९३५ साली अमेरिकेने सामाजिक सुरक्षा कायदा आणि कामगार संघटनांचा कायदा केला, १९३८ साली किमान वेतनाचा कायदा केला. तिन्ही कायदे जगभर वाखाणले गेले. तिन्हींतून शेतमजूर वगळला होता. पहिल्या दोहोंतून घरकामगारही नावानिशी वगळलेला होता आणि तिसऱ्याचे संरक्षण त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले नाही. दक्षिणेतील काळा पुरुष शेतात राबत होता आणि काळी स्त्री गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेही नाही, पण काळा माणूस बरोबर बाहेर. हे कौशल्य आपल्याकडच्या मसुदाकारांनाही चांगले अवगत आहे. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि १९४८ साली झालेल्या कायद्याच्या अनुसूचीत शेतीचा समावेश होता. अमेरिकेच्या शेतमजुराला किमान वेतन मिळायला १९६६ ची दुरुस्ती उजाडावी लागली, तीही मोठ्या शेतांपुरती. आपला शेतमजूर कायद्यात होता, अंमलबजावणीत नव्हता. त्यांचा कायद्यातच नव्हता. कोणते बरे, हा वाद आम्ही कनिष्ठ वकिलांवर सोडतो.

इथे एल्मोर बोलिंग यांच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लाउंड्सबरोचा हा काळा माणूस. भाड्याच्या जमिनीवर शेती करता करता त्याने किराणा दुकान घातले, पेट्रोलचा पंप घातला, मालवाहू ट्रक घेतले, गुरे माँटगोमेरीला पोहोचवू लागला. भरभराटीच्या दिवसांत ४० पर्यंत माणसे त्याच्याकडे कामाला असत, सगळी काळी. म्हणजे लाउंड्समध्ये काळ्यांना रोजगार देणारा काळा मालक उभा राहिला होता. डिसेंबर १९४७ मध्ये त्याला घराजवळच्या रस्त्यावर गोळ्या घालून मारण्यात आले. कोणालाही शिक्षा झाली नाही. मग देणेकरी असल्याचे सांगत लोक आले, आणि काही काळातच कुटुंबाकडचे सगळे गेले. मुलीने मोठेपणी पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच तिने यशाला मिळालेला दंड असे म्हटले आहे. २००६ सालचे खैरलांजी ज्याला आठवते त्याला अधिक काय सांगावे? स्वतःची शेती, शिकणारी मुले, ताठ मान. गुन्हा तेवढाच असतो.

आमचे काही मित्र नेहमी म्हणतात, आपल्या लोकांनी नोकऱ्या मागणे सोडावे, नोकऱ्या देणारे व्हावे. म्हणणे चांगले आहे. बोलिंगला विचारून म्हणावे.

आता १९६५ कडे येऊ. त्या वर्षाच्या सुरुवातीला लाउंड्समध्ये पाच हजारांवर काळे नागरिक मतदानाच्या वयाचे होते आणि मतदार यादीत एकही नव्हता. ८६ गोऱ्या कुटुंबांकडे काउंटीची ९० टक्के जमीन होती असे तेव्हा सांगितले जाई. मार्चमध्ये सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा याच काउंटीतून गेला. मोर्चा संपला त्या रात्री व्हायोला लिउझो या गोऱ्या कार्यकर्तीला इथेच महामार्गावर गोळी घालण्यात आली. ऑगस्टमध्ये जोनाथन डॅनियल्स हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी हेनव्हिल गावात भरदिवसा मारला गेला आणि मारणारा सर्व गोऱ्या ज्यूरीकडून निर्दोष सुटला. हा इतिहास स्टोकली कारमायकेल यांच्या नावाने बराच लिहिला गेला आहे. आम्हांला विचारायचा आहे तो वेगळा प्रश्न. एवढ्या दहशतीत पहिले पाऊल टाकले कोणी?

शिक्षकांनी नाही. काळ्या शाळेतले काळे शिक्षक सर्वांत शिकलेले होते, पण पगार गोऱ्या शाळा मंडळाच्या हातात होता. बटईदारांनीही सुरुवातीला नाही. त्यांच्या डोक्यावरचे छप्परच मालकाचे होते. पुढे आले ते दोन प्रकारचे लोक. एक, ज्यांच्याकडे स्वतःची थोडीफार जमीन होती. १८९२ साली कॅलहून गावात काळ्या मुलांसाठी शाळा निघाली होती आणि त्या शाळेच्या चालकांनी जमिनी विकत घेऊन त्यांचे तुकडे हप्त्याने काळ्या कुटुंबांना दिले होते. अशा जमीनधारकांच्या घरांत पुढे कार्यकर्त्यांना आसरा मिळाला. दुसरे, जे बाहेर काम करून आले होते. जॉन ह्यूलेट हे चळवळीचे पुढारी. लाउंड्समध्ये जन्मले, बर्मिंगहॅमच्या ओतकाम कारखान्यात नोकरी केली, तिथे युनियनमध्ये घडले आणि मग गावी परतले. त्यांची भाकरी गावच्या पाटलाच्या हातात नव्हती. (पाटील हा शब्द आमचा, तिकडच्या मालकाला दुसरा चपखल शब्द आम्हांला सापडत नाही.)

बटईदार नंतर आलेच, आणि त्याची किंमत मोजली. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून मालकांनी कुटुंबेच्या कुटुंबे जमिनीवरून हाकलली. डिसेंबर १९६५ मध्ये चळवळीने महामार्गालगत जागा विकत घेऊन तंबू ठोकले. तंबूंवर रात्री गोळ्या झाडल्या जात. आतले लोक बंदुका घेऊन पहारा करीत. दोनेक वर्षे ही तंबूवस्ती टिकली. इकडे डिसेंबर १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला होता आणि लाखो माणसे तुरुंगात गेली होती. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत नव्हते. मागणी एकच होती, कारण दोन्हीकडे कळले होते की पायाखाली स्वतःची जमीन नसेल तर मत हे मालकाच्या शब्दावर पडते.

१९६६ ची निवडणूक पँथरचे उमेदवार हरले. १९७० साली ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या पदाच्या नावाने काळ्या आया पोरांना गप्प करीत, त्या पदावर पँथरचा माणूस बसला आणि दोन दशकांहून अधिक काळ बसला. पुढे काउंटीचा कारभारही काळ्या लोकप्रतिनिधींच्या हाती आला. शिपाई, कारकून, शिक्षक, बसचालक अशा सरकारी नोकऱ्या काळ्यांना मिळू लागल्या. या यशाला कमी लेखणारे विद्वान आहेत, आम्ही त्यांच्यात नाही. पोलिसाच्या काठीची भीती जाणे ही केवढी गोष्ट आहे ती ज्याने काठी खाल्ली त्याला विचारावी.

पण राजकीय सत्ता हाती येत होती त्याच वर्षांत पायाखालून काम निघून चालले होते. कापूस वेचणारी यंत्रे आली, तणनाशके आली. मजुरांची गरज संपली आणि मजूर मतदार झाला होता, तेव्हा त्याला ठेवण्याचे कारणही संपले. मालकांनी कापूस सोडून कुरणे केली, गुरे सोडली. मग पाइनची झाडे लावली. झाडाला मजूर लागत नाही. वीसएक वर्षे ते आपोआप वाढते आणि मग यंत्र येऊन कापून नेते. लोक डेट्रॉइट, शिकागोकडे आधीच जात होते. १९६० सालीच लोकसंख्या पंधरा हजारांवर आली होती. गाव सोडा हा बाबासाहेबांचा सल्ला तिकडे लाखोंनी न ऐकताच पाळला, आणि गेले त्यांचे पुष्कळ अंशी भले झाले. मागे राहिले त्यांच्यासाठी मत होते, शेरीफ होता, काम नव्हते.

आणि तिजोरीही नव्हती! हा भाग आमच्या कार्यकर्त्यांनी नीट वाचावा. काउंटीचे आणि शाळांचे उत्पन्न मुख्यतः मालमत्ता करावर. जमीन ज्यांची होती त्यांचीच राहिली, पण तिच्यावरचा कर बांधून ठेवला होता. १९०१ च्या घटनेतच कराला मर्यादा घातलेल्या. १९७८ मध्ये घटनादुरुस्ती करून असे ठरले की शेतीची आणि जंगलाची जमीन बाजारभावाने नव्हे, चालू वापराच्या किमतीने आकारायची. म्हणजे हजारो एकर पाइनच्या मालकावर नाममात्र कर. तो बदलायचा तर काउंटीच्या हातात नाही, माँटगोमेरीच्या विधिमंडळात जा. इकडे गोऱ्यांची मुले १९६६ पासूनच स्वतंत्र खासगी शाळेत, सरकारी शाळेत जवळजवळ सगळी काळी. त्या शाळेसाठी कर वाढवावा असे जमीनदाराला का वाटेल? ज्या दिवशी आपला माणूस खुर्चीवर बसतो त्या दिवशी खुर्चीखालचा गल्ला कोणी उचलून नेला आहे, ते बघावे. आपल्या राखीव जागेवरच्या सरपंच भगिनींना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मग कारखाने आले. १९८० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने अलाबामा नदीकाठी बर्कव्हिल येथे प्लास्टिकचा प्रचंड प्रकल्प घातला. २००७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा हा धंदा सौदी अरेबियाच्या साबिक कंपनीने घेतला. रासायनिक प्रकल्पात यंत्रे कोट्यवधींची आणि माणसे मोजकी, तीही तंत्रशिक्षित. ज्या शाळेला कर मिळत नाही त्या शाळेतून तंत्रशिक्षित पोरे किती निघणार? पगाराची माणसे मोटारीने बाहेरून येतात आणि संध्याकाळी मोटारीने परत जातात. आपल्याकडच्या औष्णिक वीज केंद्रांच्या फाटकावर उभे राहा, हेच दृश्य दिसेल; प्रकल्पग्रस्त तेवढे कंत्राटदाराच्या टमटममधून येतात.

२००२ मध्ये ह्युंदाईने माँटगोमेरीत मोटारींचा कारखाना काढायचे ठरवले, २००५ मध्ये उत्पादन सुरू झाले. अलाबामा सरकारने सवलतींच्या रूपाने २५ कोटी डॉलरच्या आसपास ओतले. सुट्या भागांचे कारखाने आजूबाजूच्या काउंट्यांत, लाउंड्सच्या पूर्व भागातही आले. हे काम आले हे चांगलेच झाले. कापसाच्या उचलीपेक्षा दर आठवड्याचा पगार केव्हाही बरा. आम्ही कारखान्यांच्या विरोधात बोलणाऱ्यांपैकी नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाने गावगाड्याच्या प्रेमात पडायचे कारण नाही.

पण या पगाराचा मालक कोण? सुट्या भागांच्या कारखान्यांत बरेच कामगार मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत घेतले जातात. भाग बनवणारी कंपनी निराळी, मोटार विकणारी निराळी, पगार देणारी तिसरीच. २०२२ मध्ये शेजारच्या क्रेनशॉ काउंटीतील लुव्हर्न गावी ह्युंदाईच्याच उपकंपनीत अल्पवयीन मुले कामाला असल्याचे रॉयटर्सने उघड केले. २०२४ मध्ये केंद्रीय कामगार खात्याने दावा लावला. १३ वर्षांचे मूल आठवड्याला ५० ते ६० तास राबत होते असा आरोप त्यात आहे, आणि प्रतिवादी तिघे: मोटार कंपनी, उपकंपनी आणि मजूर पुरवणारी एजन्सी. तिघांना एका दाव्यात ओढावे लागले यातच सगळे आले. युनियन करावी, तर अलाबामात १९५३ पासून कायदा युनियनला दुबळे ठेवणारा. २०१६ मध्ये तो राज्यघटनेतच घातला. २०२४ मध्ये आणखी एक कायदा झाला: गुप्त मतदान न घेता स्वखुशीने युनियनला मान्यता देणाऱ्या कंपनीची सरकारी सवलत जाणार. राज्याचे स्वतःचे किमान वेतन नाहीच. केंद्राचे तासाला सव्वासात डॉलर, २००९ पासून तिथेच. बर्मिंगहॅम शहराने स्वतःपुरते वाढवायचे ठरवले तर २०१६ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ते रोखले. शहरात काळे बहुसंख्य, विधिमंडळात गोरे बहुसंख्य. बाकी वाचकांनी जोडून घ्यावे.

मधल्या काळात व्हाइट हॉल या गावात, पँथरच्या तंबूवस्तीच्या परिसरात, यंत्रावरच्या बिंगोचे जुगारगृह निघाले. धर्मादाय कामासाठी म्हणे. गावच्या बायकांना तिथे नोकऱ्या लागल्या, गावाला थोडा पैसा मिळाला. मार्च २००९ मध्ये गव्हर्नरच्या पथकाने धाड घातली आणि त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बिंगोच नव्हे असे ठरवले. आम्ही जुगाराचे समर्थन करणार नाही, पंचशील मानणाऱ्याने ते करूही नये. पण वडिलांनी ज्या जमिनीसाठी तंबूत रात्री काढल्या, तिथे लेकीने जुगाराच्या यंत्रापाशी उभे राहून पगार घ्यावा, आणि तोही बेकायदा ठरावा, ही पाळी कोणी आणली?

अलाबामातल्या बेरोजगारीच्या याद्यांत विल्कॉक्स आणि लाउंड्स या शेजारी काउंट्यांची नावे वर्षानुवर्षे अगदी वर असतात. आणि त्या अंगणातल्या मैल्याचे मूळही इथेच आहे. तिथली माती काळी चिकट, पाणी जिरवत नाही; साधी शोषटाकी चालत नाही, विशेष बनावटीची लागते आणि तिचा खर्च काही हजार डॉलर. नळाने मैला वाहून नेणारी व्यवस्था सार्वजनिक पैशाने व्हायची, तर सार्वजनिक पैसा नाही. घरे म्हणजे पुष्कळदा ट्रकवरून आणून ठेवलेले पत्र्याचे डबे, जमीन आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाउंड्समध्ये तपासलेल्या ५५ जणांपैकी ३४ टक्क्यांहून अधिक लोकांत हूकवर्म या जंताच्या खुणा सापडल्या. अमेरिकेतून हा रोग गेला असे मानले जात होते. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन अलाबामातली ही वस्ती पाहून गेले. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स या लाउंड्सच्याच लेकीने हा विषय जगापुढे मांडला. तिच्या रेट्यामुळे २०२१ मध्ये न्याय खात्याची चौकशी सुरू झाली, २०२३ मध्ये करार झाला आणि २०२५ च्या फुले जयंतीला तो गेला.

जात आणि वर्ण एक नव्हेत हे आम्हांला ठाऊक आहे, त्यावर स्वतंत्र लिहिता येईल. लाउंड्स आम्ही वाचतो ते एका प्रश्नासाठी: भाकरी कोणाच्या हातून येते, त्यावर माणूस लढू शकतो की नाही हे ठरते. आपल्या चळवळीत १९५६ नंतरच्या पिढीला सरकारी नोकरी मिळाली आणि तिने चळवळीला वर्गणी दिली, पुस्तके दिली, मुले शिकवली. मोर्चात तिला उघडपणे येता येत नव्हते, सेवाशर्ती आड येत. कांशीराम यांनी १९७८ मध्ये बामसेफ बांधली ती हेच ओळखून. तरीही त्या नोकरीला मालकाची मर्जी लागत नव्हती. ती नोकरी आता आटत चालली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. निर्णय रद्द झाला, पद्धत रद्द झाली नाही. नगरपालिकेचा सफाई कामगार, सरकारी रुग्णालयातला वॉर्डबॉय, डेटा एंट्रीची मुलगी, सगळे कोणा ना कोणा ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत.

कामगार न्यायालयात आमच्याकडे असे पक्षकार येतात. गेल्या वर्षी एक पोरगा आला होता, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सात वर्षे त्याच यंत्रावर. सात वर्षांत ठेकेदार चार झाले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला रजा मागितली म्हणून दुसऱ्या दिवशी गेट पास बंद. आम्ही विचारले, तुला कामावरून कोणी काढले? त्याला सांगता येईना. कंपनी म्हणते हा आमचा नव्हेच. ठेकेदार म्हणतो मी काढले नाही, काम संपले. लाउंड्सच्या बटईदाराला निदान माहीत होते की नोटीस कोणाची आहे.

म्हणून आम्ही काही मित्रांनी आमच्या तालुक्यात द्यू बॉइस यांचे काम सुरू केले आहे. मोठे काही नाही, शाळेच्या वह्या आणि शनिवार-रविवार. प्रत्येक बौद्ध, मातंग, भटक्या घराची एक ओळ: कोण काय काम करते, कधीपासून, उचल आहे का, सातबारा कोणाच्या नावे, संडास आहे का, पगार कोण देतो. पहिल्याच रविवारी बारावीची एक मुलगी अर्ध्या तासात वही घेऊन परत आली. तिच्या वडिलांचीच ओळ अडली होती. ‘मालकाच्या रकान्यात कंपनी लिहू की ठेकेदार?’ आम्ही म्हटले दोन्ही लिही. ती म्हणाली, ‘ठेकेदाराचं नाव बाबांना माहीत नाही, त्याच्या गाडीचा नंबर माहीत आहे.’ तो नंबर तिने लिहून घेतला आहे.